बाबागाडीला तेल

उखाआबांना निवांत बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस सुरतेच्या गोडादऱ्यात अजून कोणाला भेटलेला नाही. आबा मूळचे पारोळ्याकडचे. उमेदीचं सगळं आयुष्य सुरतेत सांचे चालवण्यात गेलं. सुरतेत मागाला सांचा म्हणतात आणि सांचे जिथे चालतात त्या जागेला खातं. एकेका कारागिराच्या अंगावर सांच्यांची अख्खी रांग असते. कुठे धागा तुटला, कुठे धोटा अडकला, हे बघत रांगेतून दिवसभर येरझाऱ्या घालायच्या. जवळचा धागा दिसेनासा झाला तसं आबांचं काम सुटलं, पण पायांची सवय काही सुटली नाही. चहाची बशी हातात धरूनसुद्धा ते दारापासून मोरीपर्यंत फिरत राहायचे.

"अहो, चहा सांडी ऱ्हायना!" शोभाबाई ओरडायच्या.

"सांडू दे. त्याला बी तेवढंच फिरणं," आबा म्हणायचे.

खात्यानं त्यांना आणखी दोन देणग्या दिल्या होत्या. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द कानावर येत नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. आबा त्यात इतके तयार झाले होते, की रस्त्यापलीकडे नवरा-बायको भांडत असले तर इकडे उभे राहून शोभाबाईंना ते शब्दाला शब्द सांगत. दुसरी देणगी म्हणजे त्यांना हळू बोलता येत नसे. नात झाली तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात भिंतीवर तोंडाला बोट लावलेली नर्स चिकटवलेली. आबांनी शोभाबाईंच्या कानाशी जाऊन, अगदी दबक्या आवाजात म्हणे, विचारलं, "आंडेर शे का आंडोर?" तर पार टोकाच्या खाटेवरची बाळंतीण उठून म्हणाली, "मुलगी झाली, आजोबा, मुलगी! पेढे पाठवा इकडे!"

ती ही तारा. पोर मोठी गुणाची. आबांचं घर खात्याच्या भिंतीला भिंत लावून. पलीकडे दिवस-रात्र सांचे चालत, भांड्यांची मांडणी सारखी थरथरे, आणि तारा मात्र पाळण्यात ढाराढूर. पाहुणे नवल करायचे. आबा छाती फुगवून सांगायचे, "आमची तारा एकदा जपी गई, म्हणजे झोपली, की डोक्याशी नगारा वाजवा. उठली तर मिशी काढून देतो."

फक्त दिवाळीत तिनं छळलं होतं. दिवाळीत सुरतेची खाती बंद पडतात, कारागीर गावी जातात. तेवढे दिवस तारा रात्ररात्र रडली. कोणी म्हणालं दात येतायत, कोणी म्हणालं नजर लागली. शोभाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पुढे खाती सुरू झाली आणि तारा गप झाली, तेव्हा सगळ्यांनी त्याचं श्रेय मोहऱ्यांना दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आबा ती विसरले होते.

आता सून वर्षा. आबांच्या लखनची बायको. तिचे वडील मगन समुद्राकडच्या अंगाला एका मोठ्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या यंत्रावर होते. राहायची खोली मैदानाच्या कुंपणालाच. त्यामुळे वर्षा लहानपणापासून हरवलेले चेंडू वेचता वेचता खेळायला शिकली आणि असं शिकली, की मैदानावरचे साहेब लोक थांबून तिचा फटका बघत. लग्न होऊन गोडादऱ्यात आली ती एक काठी आणि पिशवीभर चेंडू घेऊन. हुंड्यात गोल्फ आला म्हणून गल्लीत फार दिवस हसणं चाललं. ती मात्र दुपारी काम उरकलं की खात्याच्या भिंतीलगत स्टीलचा पेला आडवा ठेवायची आणि चेंडू हलक्या हातानं त्यात ढकलायची. आबा तिला चेंडू आणून द्यायचे. त्यांना तेवढंच फिरायला निमित्त.

मैदानावर लहान मुलांना शिकवायला एक बाई हवी होती. वर्षानं विचारलं. तिथला कारभार पाहणाऱ्या हेमलबेन स्वतः चांगल्या खेळाडू. त्यांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "रविवारी ये. माझ्याबरोबर नऊ होल खेळ. लग्नानंतर हात राहिलाय का ते बघू. बरोबरीत सुटलीस तरी जागा तुझी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि बेबी? ती तर तुझ्याशिवाय राहत नसेल. इथे आवाज चालत नाही हां, वर्षा. बेबी रडत राहिली तर मुलांच्या मम्म्या मला जगू देणार नाहीत."

"ती झोपलेलीच असते, मॅडम," वर्षा म्हणाली. "तिचा काहीच त्रास नाही. रविवारी घेऊनच येते, तुम्हीच बघा."

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं आणि पहिल्यांदाच असं म्हणाली, "आबा, माले हे काम पाहिजेच. सांजसकाळ साडीला टिकल्या चिकटवून माझी बोटं आता काठी धरायला विसरतील."

त्या दिवसापासून आबांच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या. रविवारी शोभाबाई गावी लग्नाला गेलेल्या, लखनची खात्यात पाळी. ताराला सांभाळायचं आबांनीच. त्यांनी जय्यत तयारी केली. शेजारच्या स्नेहाकडून जुनी बाबागाडी मागून आणली. तिची चाकं चालताना कुईं-कटक, कुईं-कटक वाजायची. आबा म्हणाले, "तिथे आवाज चालत नाही, आणि आपण हे रणशिंग घेऊन जायचं?" खात्यातून सांच्याचं तेल आणलं, चाकं खोलली, पुसली, तेल घातलं, पुन्हा बसवली. गाडी अशी झाली, की पाण्यावरून होडी. आबांनी ती घरातल्या घरात एवढी फिरवली, की लखन म्हणाला, "आबा, रविवारपर्यंत चाकं झिजतील."

रविवारी सकाळी रिक्षातून उतरले तेव्हा तारा गाढ झोपलेली. रिक्षाच्या फटफटाटात झोपणारच. हेमलबेननी वाकून पाहिलं. "कित्ती मीठी छे!" आबांनी वर्षाकडे असं पाहिलं, की जणू अर्धी लढाई जिंकली.

आणि मग ते मैदान. आबांनी एवढी शांतता जन्मात कधी ऐकली नव्हती. हिरवंगार, लांबच लांब, माणूस नाही, वाऱ्याला आवाज नाही. आबांना कानात बोळे घातल्यासारखं वाटलं. उगाच खोकून पाहिलं, आपले कान शाबूत आहेत ना म्हणून.

हेमलबेनचा पहिला फटका झाला. वर्षा पुढे आली, चेंडू ठेवला, पाय रोवले, काठी मागे नेली. आबांना राहवेना. त्यांनी आपल्या मते कुजबुज केली.

"आते मारस का?"

काठी हवेतच वाकडी झाली. चेंडू फणकारत झुडपात शिरला. लांबच्या झाडावरून एक टिटवी ओरडत उडाली.

"काका, प्लीज," हेमलबेन हात जोडून म्हणाल्या, "जरा शांति राखो ने!"

"राखतो, राखतो," आबा म्हणाले, आणि तेही इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या मैदानावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. पहिला होल हेमलबेनकडे गेला.

आबांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं आणि गाडी ढकलू लागले. दुसऱ्या ठिकाणी वर्षा चेंडूसमोर उभी राहिली. हेमलबेन स्तब्ध. आबा स्तब्ध. गाडी तेलानं माखलेली, ती तर मुकीच. सगळीकडे असं काही चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत तारानं डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओठ खाली वळवला आणि गळा काढला.

वर्षाचा चेंडू पाण्यात.

"काय व्हयनं वं माय, काय व्हयनं?" आबा गाडी घेऊन पळाले. पळताना पोर थोडी हुंदके देत गप व्हायची, थांबले की पुन्हा सुरू. दुसरा होलही गेला. तिसऱ्याआधी वर्षानं तिला जांभळीच्या आडोशाला नेऊन पाजलं. हेमलबेन हातातली काठी एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर करत उभ्या. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. आबांनी ते पाहिलं. आबांना वाटलं, आपण धावत जाऊन ते घड्याळच कुठेतरी लपवावं.

"पोट भरलं आता, झोपेल," वर्षा म्हणाली. पोटाचा प्रश्नच नव्हता, पण ते कोणाला ठाऊक? तारा डोळे टक्क उघडे ठेवून आभाळाकडे बघत होती, भलत्याच गावच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखी. तिसरा होल कसाबसा बरोबरीत सुटला.

चौथ्याच्या बाजूनं गवत कापायचं यंत्र आलं. घडघड घडघड. त्यावर बसलेला, मगनच्या जागी आलेला नवा माणूस हेमलबेनना पाहून वळायला लागला, पण यंत्रच ते, वळता वळता वेळ लागला. तेवढ्यात तारानं एक जांभई दिली, मूठ तोंडाशी नेली आणि झोपी गेली.

वर्षाची मान सैल झाली. त्या घडघडाटात तिनं मारलेला फटका बघून हेमलबेन म्हणाल्या, "सरस! हा मगनभाईच्या पोरीचा शॉट!" चौथा होल वर्षाचा. यंत्र पलीकडच्या उतारावर काम करत राहिलं, पाचवाही वर्षाचा. आबांनी उपरणं तोंडातून काढलं आणि झोपलेल्या नातीला म्हणाले, "शाबास. अशीच ऱ्हाय."

यंत्र दूर गेलं. घडघड बारीक होत होत विरली. आणि तारा उठली.

आबा आता नुसते कासावीस झाले. गाडी पुढे, गाडी मागे, गाडी गोल. मग त्यांच्या डोक्यात आलं, की पोरीला लांबच न्यावी म्हणजे रडणं यांच्या कानावर येणार नाही. ते तिला घेऊन पार कुंपणापर्यंत गेले. हेमलबेनना खरंच ऐकू आलं नसेल. पण आईचे कान वेगळे. आबांनी लांबून पाहिलं, वर्षा चेंडूसमोर उभी होती आणि बघत होती कुंपणाकडे. सहावा गेला. आबा धापा टाकत परत आले.

"आबा, लांब नका नेऊ," वर्षा म्हणाली. तिच्या कुर्त्यावर दुधाचे डाग आले होते, ते तिनं ओढणीनं झाकले. "लांब गेली की माझा जीव अजून तिकडेच जातो."

"मग काय करू, बेटा? सांग तू, काय करू?"

"माले काय म्हाइत!" ती एवढी चिडून बोलली, की लगेच तिलाच वाईट वाटलं. "घरी तर कधी अशी करत नाही हो."

घरी कधी अशी करत नाही. हे वाक्य आबांच्या डोक्यात धोट्यासारखं इकडून तिकडे फिरायला लागलं. सातव्या होलच्या वेळी त्यांनी ताराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. तिचं मुसमुसणं चालूच होतं, तरी वर्षानं दात-ओठ खाऊन तो बरोबरीत सोडवला. घरी करत नाही, घरी करत नाही. मग एकदाच केलं ते कधी? दिवाळीत केलं.

एवढ्यात डोक्यावरून विमान आलं. सुरतेचा विमानतळ त्या अंगाला जवळच, त्यामुळे विमान अगदी खाली, पोट दिसेल असं. आबांनी घाबरून ताराचे कान झाकायला हात नेला, तर तारा त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली.

आबा जागच्या जागी थांबले. उखाआबा थांबले! वर्षानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, यांना काही झालं.

"मोहऱ्या नव्हत्या त्या," आबा म्हणाले.

"काय?"

"पोरगीले सांचा पाहिजे! आवाज पाहिजे तिला! आपण येड्यासारखं तिला गप करायला आपणच गप बसतोय, आणि तिची झोपच उडतेय!"

त्यांनी जे सांगितलं ते अर्ध्या मैदानानं ऐकलं, पण पुढच्या होलकडे निघालेल्या हेमलबेनना विमानाच्या घरघरीत त्यातला एक शब्द कळला नाही. विमानाच्या आवाजात लागलेली झोप आठव्या होलभर टिकली, आणि तो होल वर्षानं जिंकला. दोघी बरोबरीत. उरला एक.

आबांनी ताराला गाडीत निजवलं आणि गाडीकडे पाहिलं. तेल! कुईं-कटक वाजणारी सोन्यासारखी गाडी, आणि आपणच तिचं तोंड बंद केलं. त्यांनी वाकून मूठभर माती चाकात घातली. काही उपयोग नाही, सांच्याचं तेल ते. मग ते गाडी ढकलत धावत यंत्रवाल्याकडे गेले.

"भाऊ, जरा आमच्या मागे मागे चालव ना."

"काका, खेळणाऱ्यांच्या मागे यंत्र नेलं तर मॅडम मला उद्या घरी बसवतील."

"माझ्या सुनेची भाकर आहे रे."

"आणि ही माझी," यंत्रवाला म्हणाला. त्याचंही खरंच होतं. आबा आले तसे परत धावले.

नववा होल. दोघी हिरवळीच्या त्या गुळगुळीत गोलावर पोचल्या, जिथे झेंडी रोवलेली असते. आबा त्या भोकाला गल म्हणत, लहानपणी गोट्या खेळायची असते तशी. हेमलबेननी आपला चेंडू गलीत घातला आणि झेंडी बाजूला धरून उभ्या राहिल्या. वर्षाचा चेंडू गलीपासून दोन काठ्यांवर होता. याच फटक्यात आत गेला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे जागा. चुकला तर परत टिकल्या.

ती वाकली. मैदान गप झालं. वारा पडला. टिटवीसुद्धा नेमकी तेव्हाच मुकी झाली. आबांनी गाडीत पाहिलं. ताराच्या भुवया हलल्या. मग नाक आक्रसलं. आबांना ही पायरी पाठ झाली होती. आता ओठ खाली वळणार, मग गळा.

गाडीच्या खालच्या पिशवीत खिचडीचा स्टीलचा डबा होता आणि चमचा. आबांचा हात डब्यावर गेला आणि तिथेच थिजला. वाजवावं, तर मॅडमनी हात जोडून सांगितलेलं. ऐन फटक्याला डबा बडवला म्हणून सुनेला हाकलून दिलं तर? न वाजवावं, तर पोर रडणार. वाजवलं तरी आबांनी घालवलं, नाही वाजवलं तरी आबांनीच घालवलं. पाय खाली नुसते नाचत होते.

त्यांनी वर नजर केली. वर्षा वाकलेलीच होती, पण मान त्यांच्याकडे वळलेली. तिचे ओठ हलले. आवाज नाही, श्वास नाही, हेमलबेनना तिचा चेहराही दिसत नव्हता. भर खात्यात धागा तुटल्यावर कारागीर कारागिराला सांगतो, तसे फक्त ओठ.

सांचा चालवा, आबा.

मग उखाआबांनी मागेपुढे पाहिलं नाही. चमचा घेतला आणि डबा धरला. खटक-फट, खटक-फट, खटक-फट. उभ्या आयुष्यात ऐकलेली ती चाल, हाताला वेगळी शिकवावी लागली नाही. हेमलबेन दचकून वळल्या. "काका! आ शुं करो छो?" आबांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांचे ओठ दिसायला नकोत. ताराचं नाक सरळ झालं. आणि वर्षाचे खांदे, सकाळपासून कानाला भिडलेले तिचे खांदे, खाली आले. गोडादऱ्याच्या भिंतीलगत, आडव्या पेल्यासमोर असत तसे. खटक-फट, खटक-फट, आणि मधल्या एका फटीत तिनं चेंडूला टेकवल्यासारखी काठी लावली.

चेंडू निघाला, गलीच्या काठावर गेला, काठानं अर्धा फेरा मारला आणि आत पडला.

टुणुक.

आबांना ते ऐकू आलं नाही. ते डबा बडवतच होते. शेवटी वर्षानंच येऊन त्यांचा हात धरला. "आबा, बस. सुटी व्हई गई."

हेमलबेन कमरेवर हात ठेवून उभ्या. "हे काय होतं? मला आधी सांगा, हे काय होतं?" वर्षानं सगळं सांगितलं. खातं, भिंत, दिवाळी, मोहऱ्या, बाबागाडीचं तेल. हेमलबेन ऐकत होत्या, तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न करत होत्या, पण तेलाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. "म्हणजे सकाळपासून आपण सगळे चूप बसून तिला जागी करत होतो?"

"हो."

"आणि तुला पण आवाजच लागतो?"

वर्षा जराशी लाजली. "पेला खात्याच्या भिंतीशी असतो ना, मॅडम. इतकं गप असलं की माझे हात मला परके वाटतात."

हेमलबेननी झेंडी परत रोवली. "बरोबरी म्हणजे बरोबरी. पण बोलले ते बोलले, बेबी रडली तर चालणार नाही."

आता वर्षा त्या मैदानावर मुलांना शिकवते. मुलं रांगेत उभी राहून चेंडू मारतात, टक-टक-टक-टक, आणि रांगेच्या मागे छपराखाली तारा झोपलेली असते. तिथे एकच अडचण आहे. मुलांना काही समजावून सांगायला वर्षानं "थांबा" म्हटलं, की सगळ्यांचे हात थांबतात आणि तारा भुवया हलवते. म्हणून वर्षाच्या वर्गात नियम उलटा आहे. बाकीचे शिकवणारे पोरांना गप उभं राहायला सांगतात. हिच्या वर्गात गप उभं राहायची बंदी आहे. बाई बोलत असल्या तरी निदान दोघांनी तरी फटके मारत राहायचं.

आबा रांगेमागून येरझाऱ्या घालतात, सांच्यांच्या रांगेतून घालायचे तशाच. कोणाचा हात थांबलेला दिसला, की जाऊन त्याच्या कानाशी कुजबुजतात, "चालू दे रे, चालू दे."

ते सगळ्या मैदानाला ऐकू येतं. ताराला तेवढं येत नाही.